मुंबई ते टोकियो: अंतर एकच, मग वेळ का बदलते?

या महिन्यात टोकियोच्या विमानप्रवासावरचे प्रश्न एकत्र घेतलेत. पत्रं वेगवेगळ्या गावांहून आलीत पण घोळ सगळ्यांचा सारखाच आहे, नेटवर अंतर बघायचं, त्याला विमानाच्या स्पीडने भागायचं आणि मग तिकिटावरची वेळ जुळत नाही म्हणून डोकं धरून बसायचं.

प्रश्न: मुलगी आणि जावई टोकियोला निशी कासाईत असतात, आम्ही दोघं पहिल्यांदाच जातोय. नेटवर मुंबई-टोकियो अंतर शोधलं तर एका ठिकाणी ६,७८६, दुसरीकडे ४,२१७ आणि तिसरीकडे ३,६६४ असं आलं. वेळेचंही तसंच, कुठे साडेसात तास तर कुठे पावणेदहा. आणि तिकिटावर बघावं तर रात्री ८ ला निघून सकाळी साडेसातला पोचतोय, म्हणजे झाले साडेअकरा! हिचे गुडघे दुखतात, त्यामुळे नक्की किती तास बसावं लागणार ते कळलं तर बरं होईल. (ठाण्याहून एक निवृत्त वाचक)

उत्तर: काका, तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त मापं वेगळी आहेत. ६,७८६ हे किलोमीटर, ४,२१७ हे आपले साधे मैल आणि ३,६६४ हे नॉटिकल मैल, म्हणजे जहाजवाले आणि पायलट लोक वापरतात ते, एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. बऱ्याच साइट नुसता आकडा मोठ्या अक्षरात टाकतात आणि एकक कोपऱ्यात बारीक लिहितात. वरून हे अंतर मुंबई विमानतळ ते नारिता विमानतळ आहे. टोकियोचा दुसरा विमानतळ हानेदा धरला तर साधारण ६,७३० येतं, कारण नारिता टोकियोच्या पूर्वेला ६० किलोमीटर लांब आहे. म्हणून कुठे पन्नास-साठ किलोमीटरचा फरक दिसला तर मनावर घेऊ नका.

आता वेळ. तिकिटावर निघायची वेळ मुंबईची असते आणि पोचायची टोकियोची, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ संपतो. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे आणि तिथे उन्हाळ्यात घड्याळं पुढे-मागे करायची भानगड नाही, त्यामुळे वर्षभर साडेतीनच. जाताना तिकिटावरच्या फरकातून साडेतीन तास वजा करायचे, तुमचे साडेअकरा वजा साडेतीन म्हणजे आठ तास. येताना उलट, साडेतीन मिळवायचे. समजा सकाळी साडेअकराला नारिताहून निघालात आणि संध्याकाळी पावणेसहाला मुंबईत उतरलात तर दिसताना सव्वासहा तास दिसतील पण बसायला लागेल पावणेदहा तास. जाताना आठ आणि येताना पावणेदहा का, त्याचं उत्तर खाली सांगलीच्या सरांच्या प्रश्नात आहे.

हे आठ तास सगळे हवेतले नसतात बरं का. एअरलाइन जी वेळ छापते ती गेटपासून गेटपर्यंतची असते. विमान गेटवरून मागे ढकलतात तिथून घड्याळ सुरू, मग टॅक्सी करत, म्हणजे जमिनीवरूनच चाकांवर हळूहळू चालत धावपट्टीपर्यंत जायचं, तिथे लाइन. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवरून एकदम विमानं सोडता येत नाहीत आणि व्यवहारात एकाच धावपट्टीवर सगळा कारभार चालतो. ही रखडपट्टी एअरलाइनला माहीत असते म्हणून ती छापील वेळेत थोडी ढील ठेवते, आणि मग कधी लाइन नसली की कॅप्टन अभिमानाने सांगतो की आपण वीस मिनिटं लवकर पोचलोय. प्रत्यक्ष उडण्याचा वेळ साधारण साडेसात धरा.

वहिनींच्या गुडघ्यांसाठी तुम्ही खरं तर तिसराच आकडा धरायला हवा, ठाण्याच्या घरातून निघून मुलीच्या घराचं दार वाजवेपर्यंतचा. विमानतळावर जायला तासभर, तिथे तीन तास आधी पोचायचं, आठ तास विमान, उतरल्यावर इमिग्रेशन आणि बॅगा, मग शहरात जायला दीडेक तास. चौदा-पंधरा तास सहज होतात. आयल सीट घ्या, दर तासा-दीड तासाने उठून गल्लीत फेरी मारू द्या, आणि व्हीलचेअर हवी असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा, ऐनवेळी काउंटरवर नको. आणि जावयांना सांगा की सकाळी साडेसात म्हणजे तुमच्या शरीराच्या हिशोबाने पहाटेचे चार आहेत, पहिल्याच दिवशी देवळं दाखवायला नेऊ नका.

प्रश्न: मी शाळेत विज्ञान शिकवतो. नववीतल्या एका मुलाने विचारलं की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग जपानकडे जाताना टोकियो आपल्यापासून पुढे पळत असणार, म्हणजे जाताना जास्त वेळ लागायला हवा आणि येताना कमी. प्रत्यक्षात उलटं का होतं? मी वाऱ्यामुळे म्हणून सांगितलं पण त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही. (सांगलीहून एक शिक्षक)

उत्तर: सर, तुमचं उत्तर बरोबर आहे, पण मुलाची शंका एक पायरी आधीची आहे. त्याला वाटतंय की विमान एकदा उडालं की पृथ्वीपासून सुटलं आणि खाली जमीन आपली फिरत राहिली. तसं होत नाही कारण हवासुद्धा पृथ्वीबरोबरच फिरते. धावत्या लोकलमध्ये जागच्या जागी उडी मारली तर माणूस मागच्या डब्यात जाऊन पडत नाही ना, तसंच. विमान हवेत पोहतंय आणि ती हवा जमिनीबरोबर चाललीय, त्यामुळे टोकियो पळत नाही आणि मुंबई जवळ येत नाही. फरक पडतो तो हवा जमिनीपेक्षा जास्त जोरात वाहते तेव्हा, म्हणजे वारा असतो तेव्हा.

आणि या मार्गावर वारा कसला, जगातल्या सगळ्यात दांडग्या वाऱ्यांपैकी एक आहे. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट स्ट्रीम. उष्ण कटिबंधातली गरम हवा आणि उत्तरेकडची थंड हवा यांच्या तापमानात फरक जितका मोठा तितका तो जोरात वाहतो, आणि तो वळून पूर्वेकडे जातो ते पृथ्वीच्या फिरण्यामुळेच, म्हणजे मुलाने पृथ्वीचं फिरणं मध्ये आणलं ते अगदीच चूक नव्हतं, फक्त त्याचा परिणाम आडवळणाने होतो हे त्याला जरूर सांगा. हिवाळ्यात एका बाजूला सायबेरियाची कडाक्याची थंडी आणि दुसऱ्या बाजूला पॅसिफिकचं उबदार पाणी, त्यामुळे जपानवरचा जेट स्ट्रीम भयंकर तापट असतो, ताशी २०० किलोमीटर नेहमीचं आणि कधीकधी ३०० च्याही वर. त्याचा अलीकडचा पट्टा हिवाळ्यात हिमालयाच्या दक्षिणेकडून उत्तर भारतावरून जातो, म्हणजे आपल्या विमानाला अर्ध्याहून जास्त रस्ता तो साथ देतो किंवा आडवा येतो.

फळ्यावर मांडायला सोपं गणित. विमानाचा हवेतला स्पीड ताशी ९०० धरा, रस्ता ७,००० किलोमीटरचा, सगळ्या रस्त्यावर मिळून वाऱ्याची सरासरी १००. जाताना वारा पाठीशी, ९०० अधिक १००, सात तास. येताना वारा तोंडावर, ९०० वजा १००, पावणेनऊ तास. झाला ना पावणेदोन तासांचा फरक, तोही वारा दोन्ही वेळेस तेवढाच असताना! वर गेट आणि टॅक्सीचा वेळ मिळवा की तिकिटावरच्या आकड्यांच्या जवळ येतो. सीटसमोरच्या स्क्रीनवर ग्राउंड स्पीड म्हणून आकडा असतो, जानेवारीत जाताना जपानच्या जवळ तो १,१०० च्या पुढे गेलेला दिसतो आणि येताना त्याच जागी ७०० च्या आत बाहेर घुटमळतो, इंजिन मात्र दोन्ही वेळा तेवढंच चाललेलं असतं.

पावसाळ्यात चित्र बदलतं. आपल्याकडे मान्सून येतो त्याच सुमाराला हा पश्चिमी पट्टा उचलून तिबेटच्या उत्तरेला जातो, जपानवरही त्याचा जोर ओसरतो आणि दक्षिण भारतावर तर उलट्या दिशेचा, पूर्वेकडून येणारा जेट स्ट्रीम तयार होतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये जाण्या-येण्यातला फरक बराच कमी होतो. डिसेंबरचं आणि जुलैचं टाइमटेबल शेजारी ठेवून मुलांना बघायला लावा, पुस्तकातल्या आकृतीपेक्षा लवकर कळेल.

आणि गोष्ट सांगायची असेल तर ही सांगा. हा वारा आधी नीट मोजला तो एका जपानी माणसानेच, ओइशी वासाबुरो यांनी, १९२० च्या दशकात, त्सुकुबाजवळच्या तातेनो वेधशाळेत. फुगे सोडायचे आणि दुर्बिणीतून त्यांचा माग काढत उंचीवरचा वेग मोजायचा. १९२६ मध्ये त्यांनी रिपोर्ट छापला तो एस्पेरांतो या मुद्दाम तयार केलेल्या जागतिक भाषेत, का तर जगात सगळ्यांना वाचता यावा! झालं काय की जवळजवळ कुणीच वाचला नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-२९ विमानं जपानवर उंचावरून आली तेव्हा या वाऱ्याने त्यांचे बॉम्ब भलतीकडेच पडायला लागले, आणि जपानने याच वाऱ्यावर १९४४-४५ मध्ये बॉम्ब बांधलेले नऊ हजारांच्या वर कागदी फुगे अमेरिकेकडे सोडले. त्यातले काही पॅसिफिक ओलांडून पोचलेसुद्धा.

प्रश्न: मागच्या वर्षी ऑफिसच्या कामाला टोकियोला गेलो तेव्हा स्क्रीनवरचा नकाशा बघत होतो. विमान कोलकाता, बांगलादेश, म्यानमार करत चीनमध्ये शिरलं आणि मग जपानकडे वळलं. सरळ का नाही जात? डिझेल काय फुकट आहे का यांना? (नाशिकहून एक वाचक)

उत्तर: डिझेल नाही हो, रॉकेलाचा चुलतभाऊ असतो तो, पण मुद्दा रास्त आहे. आधी सरळ म्हणजे कुठून ते बघू. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारू नका, गोल पृथ्वीचा चपटा कागद करताना दिशा आणि अंतरं ताणली जातात. घरात पोरांचा पृथ्वीगोल असेल तर त्यावर मुंबईवर बोटाने दोरा दाबून धरा आणि दुसरं टोक टोकियोवर ताठ ओढा. दोरा जबलपूरजवळून, पाटण्यावरून, भूतानमधून तिबेटच्या पूर्व भागात शिरतो, मग सिचुआन, हेनान, पिवळा समुद्र आणि दक्षिण कोरियाचा खालचा भाग. हा सगळ्यात जवळचा रस्ता, तेच ते ६,७८६.

यातलं तिबेट नडतं. विमानाला उंची कमी पडते असं नाही, ते अकरा-बारा किलोमीटरवरून आरामात जाईल. प्रश्न आहे काही बिघडलं तर काय करायचं. केबिनमधला हवेचा दाब गेला तर वरून ते पिवळे मास्क पडतात, त्यातला प्रवाशांचा ऑक्सिजन बहुतेक विमानांत जेमतेम बारा-पंधरा मिनिटांचा असतो. तेवढ्या वेळात पायलटला विमान झपाट्याने १०,००० फुटांवर, म्हणजे तीन किलोमीटरवर आणावं लागतं, जिथे माणूस मास्कशिवाय श्वास घेऊ शकतो. आता तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार किलोमीटर. तीनवर उतरणार कुठे, जमिनीच्या खाली? एक इंजिन बंद पडलं तरी तोच पेच, विमान हळूहळू खाली येतं आणि खाली डोंगर वर आलेले असतात. तिबेटवरून उडायला परवानगीच नाही असं नाही, पण त्यासाठी जादा ऑक्सिजन, कुठे बिघडलं तर कुठल्या बाजूला पळायचं याचा आधीच आखलेला मार्ग आणि क्रूचं वेगळं ट्रेनिंग लागतं. एवढा खटाटोप करण्यापेक्षा एअरलाइन वळसा घालून म्यानमार आणि चीनच्या युनान प्रांतावरून, कुनमिंगच्या बाजूने जाणं पसंत करतात.

आता गंमत बघा, वळसा म्हणून आपण बोटं मोडतो पण मुंबई-कुनमिंग-नारिता असा हिशोब केला तर साधारण ६,९१५ किलोमीटर होतात. जादा किती, तर सव्वाशे! दहा मिनिटंसुद्धा नाहीत. बाकी वळणं त्या दिवशीच्या वाऱ्याप्रमाणे आणि चीनच्या हवाई वाहतुकीच्या ठरलेल्या रस्त्यांप्रमाणे पडतात, कधीकधी जेट स्ट्रीमचा धक्का मिळावा म्हणून मुद्दाम लांबून गेलेलं विमान लवकरही पोचतं.

(कुनमिंगचा रस्ता आपल्याकडच्या लोकांना नवा नाही. जपानने म्यानमारचा जमिनीवरचा रस्ता बंद केला तेव्हा १९४२ पासून आसामच्या विमानतळांवरून कुनमिंगला मालवाहू विमानं जात होती, डोंगरावरच्या त्या टप्प्याला द हम्प म्हणायचे. पुष्कळ विमानं त्या डोंगरांत पडली.)

प्रश्न: डायरेक्ट फ्लाइट महाग पडतेय. दिल्ली, बँकॉक, सिंगापूर, हाँगकाँग असे पर्याय दिसतायत, एक तर दुबईवरून पण आहे आणि ती सगळ्यात स्वस्त. किती लांबचं पडेल? (पुण्याहून एक वाचक)

उत्तर: ताई, अंतराचंच विचारलंत तर दिल्ली जवळजवळ वाटेवरच आहे, दोन्ही टप्पे मिळून साधारण ७,०५० किलोमीटर, डायरेक्टपेक्षा अडीचेकशेच जास्त. हाँगकाँगवरून ७,२३०, बँकॉकवरून ७,६८० च्या आसपास, सिंगापूरवरून ९,२८०. दुबई म्हणजे आधी उलट्या दिशेला जायचं आणि मग परत आपल्याच डोक्यावरच्या बाजूने यायचं, ९,९०० किलोमीटर. ते स्वस्त का असतं ते त्या एअरलाइनला विचारा, पण दीड हजार रुपये वाचवायला तीन हजार किलोमीटर जादा बसायचं का ते तुम्ही ठरवा.

पण तुमचा दिवस खातो तो लेओव्हर, म्हणजे मधल्या विमानतळावरचा थांबा. दिल्लीवरून अंतर पंधरा मिनिटांचं वाढलं तरी एकदा जास्तीचं उतरणं-चढणं आलं, त्यात पाऊण तास आणि मधे थांबायचं किती ते वेगळं. तीन तास असेल तर उत्तम, दीड तास असेल तर मी घेणार नाही, कारण हिवाळ्यात दिल्लीला धुकं असतं. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर एकाच पीएनआरमध्ये घ्या. वेगवेगळी तिकिटं घेतली आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसऱ्या एअरलाइनला तुमच्याशी काही देणंघेणं नसतं, तिकीट गेलं आणि बॅगही परत काढून परत चेक-इन करायची.

प्रश्न: माझे सासरे ५० च्या दशकात कापडगिरणीच्या कामासाठी मुंबईहून जपानला विमानाने गेले होते असं घरात सांगतात. तेव्हा विमान जायचं का? (गिरगावातून एक आजी)

उत्तर: आजी, जायचं. एअर इंडिया इंटरनॅशनलने १९५५ साली टोकियोची सर्व्हिस सुरू केली, सुपर कॉन्स्टेलेशन विमानं, चार पंख्यांची, बँकॉक आणि हाँगकाँग असे थांबे घेत. स्पीड ताशी पाचशेच्या आसपास, म्हणजे आजच्या जवळजवळ निम्मा, वरून थांबे. सासरे उतरले असतील ते हानेदाला, नारिता १९७८ मध्ये झालं. १९६० मध्ये बोइंग ७०७ जेट आली आणि मग वेळ खूपच खाली आली. न थांबता मुंबई-टोकियो करणाऱ्यांत जपानच्या एएनए या एअरलाइनने २००७ मध्ये एक मजेशीर प्रयोग केला होता, एवढ्या लांबच्या रस्त्यावर त्यांनी छोटं ७३७ लावलं, आत मोजक्याच सीट आणि गिऱ्हाईक मुख्यतः बिझनेसवाले.

प्रश्न: नारिता घ्यावं की हानेदा? मुलगा निशी कासाईलाच आहे. (कोल्हापूरहून एक वाचक)

उत्तर: निशी कासाई म्हणजे टोकियोतला आपल्या लोकांचा अड्डाच, तिथल्या एडोगावा वॉर्डाच्या असेंब्लीत २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ निवडून आले होते. हा भाग शहराच्या पूर्वेला आहे त्यामुळे नारिता लांब असलं तरी अगदीच उलट्या बाजूला पडत नाही. नारिता एक्स्प्रेसने टोकियो स्टेशन तासाभरात, तिथून चालत ओतेमाचीला जाऊन तोझाई लाइन ही मेट्रो पकडली की पंधरा-वीस मिनिटांत निशी कासाई. हानेदाहून केइक्यू या रेल्वे कंपनीची असाकुसा लाइनवर थेट जाणारी गाडी धरून निहोम्बाशीला उतरायचं आणि तीच तोझाई लाइन.

भाडं सारखंच असेल तर माझं मत हानेदाला, पण पोचायची वेळ बघून. नारिता मध्यरात्री १२ ते सकाळी ६ बंद असतं, त्यामुळे तिथे अवेळी उतरायचा प्रश्नच येत नाही. हानेदा चोवीस तास चालतं, आणि लोकल मात्र साधारण साडेबारा ते पहाटे पाचपर्यंत बंद. रात्री अकरानंतर उतरणारं विमान असेल तर इमिग्रेशन आणि बॅगा होईस्तोवर शेवटची गाडी गेलेली असते आणि टॅक्सीचं बिल बघून मुलाला घाम फुटेल, तेव्हा तसलं तिकीट काढण्याआधी त्याला एक फोन करा.